परसापासून फुटापर्यंत : शेतविहिरीच्या खर्चाचा इतिहास

महाराष्ट्रात विहिरीची खोली शतकानुशतके परसात मोजली गेली. परस म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीएवढे माप, गावोगाव थोडे कमी-जास्त. सहा परसांची विहीर म्हणजे सहा माणसे एकाच्या डोक्यावर एक उभी राहतील एवढी खोल. बोअर मात्र कोणी परसात सांगत नाही, तो फुटात सांगतात. खोदायला माणूस स्वतः खाली उतरत होता तोवर मापही माणसाचे होते. यंत्राने भोक पाडायला सुरुवात झाली तेव्हा माप फुटाचे झाले आणि भावही फुटावर आला. शेतविहिरीला किती खर्च येतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. खर्चाचा एक भाग मात्र फारसा बदलला नाही. तो म्हणजे न लागलेल्या पाण्याचा खर्च, आणि शेतविहिरीचा खरा हिशेब त्याच्याभोवती फिरतो.

या खर्चाचे मूळ कातळात आहे. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. या खडकाला स्वतःची तहान नाही आणि साठाही नाही. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत, दोन थरांमधल्या तांबड्या पट्ट्याच्या आसपास आणि उभ्या-आडव्या भेगांत. भेग सापडली तर झरा फुटतो, ती दोन हातांवरून निसटली तर तळाला कोरडा फत्तर लागतो. एका बांधावरची विहीर वैशाखातही पाणी देते आणि शेजारच्या बांधावरची पौषात तळ दाखवते, हे चित्र दख्खनच्या कोणत्याही गावात दिसते. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात गणित वेगळे आहे. तिथे खडक फोडावा लागत नाही, पण भोक ढासळू नये म्हणून तळापर्यंत पाइप घालावा लागतो. रावेर-यावलच्या केळीबागांच्या कूपनलिकांचा मोठा खर्च त्यामुळे लोखंडात जातो. कोकणात जांभा, पूर्व विदर्भात ग्रॅनाइटसारखे जुने खडक. तरीही मराठी मुलखाची विहीर म्हटली की डोळ्यांपुढे येते ती काळ्या कातळातली, कारण सर्वांत जास्त पैसा आणि घाम तिथेच गेला आहे.

पहिला खर्च जागा दाखवण्याचा. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजलावर ‘दकार्गल’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेला, वारुळापासून किती अंतरावर आणि किती पुरुष खोल पाणी लागेल, याचे आडाखे त्यात दिले आहेत. परसाचे माप तेव्हापासूनचे. गावोगावचा पाणाड्या हा ग्रंथ वाचलेला असेलच असे नाही, पण उंबर, वारूळ, हिरवळ या खुणा त्यालाही ठाऊक असत. कोणी तळहातावर नारळ धरून शेत फिरे, कोणी दुबेळक्याची फांदी घेऊन. पायाळू माणसाला जमिनीतले पाणी कळते ही समजूत तर आजही मोडलेली नाही. पाणाड्याला नारळ, शिधा, थोडी दक्षिणा मिळे, आणि पाणी लागले तर वर मान. लागले नाही तर त्याच्याकडून काही परत येत नसे. खोदाईच्या पैशात मात्र कोणीही सूट देत नव्हते.

खोदाई हे वडारांचे काम. माती आणि मुरूम घरची माणसे काढत. कातळ लागला की वडारांशिवाय गत्यंतर नसे. पहार, घण, छन्नी आणि सुतकी ही त्यांची हत्यारे, पुढे सुरुंगाची दारू आली, तिच्यानंतर जिलेटिनच्या कांड्या. खडकाला हाताने भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवून वर यायचे आणि धूर निवळला की फुटलेला दगड वाहायचा. सौदा परसावर होई, किंवा पुढच्या काळात ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. मुरमाचा दर वेगळा आणि काळ्या पाषाणाचा वेगळा. खाली जावे तसा प्रत्येक परस महाग होत जाई, कारण दगड तेवढा वर चढवायचा असे. त्यातून पाणी फुटले की आनंद आणि अडचण एकदमच. पाणी उपसल्याशिवाय पुढचा सुरुंग लावता येत नसे, म्हणून खोदाई चालू असतानाच मोट जोडावी लागे. म्हणूनच खोदाईचे दिवस रब्बी निघाल्यानंतरचे, चैत्र-वैशाखाचे. पाणी सर्वांत खाली असते, बैल मोकळे असतात आणि माणसांना दुसरे काम नसते. एका उन्हाळ्यात विहीर पुरी होणे हे नशीब. दोन-तीन उन्हाळे लागणे नेहमीचे. वरच्या मातीच्या भागाला दगडी बांधकाम, मोटेसाठी थारोळे आणि धाव, शेतापर्यंत दांड, हा खर्च वेगळाच. चामड्याची मोट, नाडा, सौंदर आणि बैलजोडी धरली तर विहीर पुरी झाल्यावरही हात आखडता घेता येत नसे.

यांतला बराच खर्च नाण्यांत होत नसे. धान्य, जेवण, घरच्या माणसांची अंगमेहनत आणि बैलांचे दिवस यांची बेरीज कोणी मांडत नव्हते. पेशवाईतल्या किंवा त्याआधीच्या शेतविहिरीला किती खर्च आला याचा रुपयांत आकडा शोधणे म्हणूनच फारसे अर्थपूर्ण नाही. विहीर कोण खोदे आणि कोण खोदत नसे, हे त्याहून जास्त बोलके आहे. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क होता, त्यामुळे त्याने घातलेला दगड नातवाच्या कामी येई. उपरी कुळ आज इथे, उद्या पलीकडच्या गावात. त्याने कातळ कशासाठी फोडावा? महसुलाच्या कागदांत पाटस्थळ आणि मोटस्थळ असे बागायतीचे दोन वर्ग होते. मोटेवर भिजणाऱ्या जमिनीचा सारा जिरायतीपेक्षा जास्त असे, म्हणून नवी विहीर खोदणाऱ्याला सुरुवातीला सवलत देण्याची आणि तगाई म्हणजे सरकारी उसनवार देण्याची रीत होती. बारव बांधणे, पाणपोई घालणे हे पुण्यकर्म, आणि अहिल्याबाई होळकरांचे नाव त्यासाठी देशभर घेतले जाते. शेतातली विहीर मात्र धर्मादायाच्या खात्यात कधीच बसली नाही.

विहिरीचा खर्च भाऊबंद वाटूनही घेत. खोदाईत ज्याने जेवढा भार उचलला तेवढा त्याचा हिस्सा, तो आण्यांत सांगितला जाई. आठ आणे हिस्सा असलेल्याची पाळी चार आणेवाल्याच्या दुप्पट दिवसांची. सातबाऱ्यावर सामायिक विहिरीतील हिश्शांच्या नोंदी अजून चालू आहेत, आणि तालुका कोर्टातल्या भावकीच्या दाव्यांत त्या हमखास निघतात. न लागलेल्या पाण्याची भीती किती खोल होती हे लोककथांत दिसते. विहिरीला किंवा तळ्याला पाणी लागावे म्हणून घरची सून बळी दिल्याच्या कथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगितल्या जातात. पाणी लागल्यावर विहिरीच्या कोनाड्यात आसरांचे दगड मांडून शेंदूर लावण्याची चाल त्याच भीतीची सौम्य बाजू मानावी लागेल.

इंग्रजी अमलात विहीर कर्जाच्या कागदावर आली. १८३६ पासून इंदापूरहून सुरू झालेल्या नव्या जमीनमोजणीने सारा रोख केला आणि सावकाराचा दरवाजा रुंद झाला. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली. पुढच्याच वर्षी पाऊस गेला, १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला आणि विहिरींचा प्रश्न सरकारच्या टेबलावर आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत, शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेपायी फेरआकारणीत सारा वाढवायचा नाही, असे तत्त्व आले. १८८३ मध्ये जमीन सुधारणा कर्जाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी बी-बैलांसाठी कर्जाचा दुसरा. जुन्या तगाईला आता कलमे, नमुने आणि हप्ते आले. व्याज रुपयाला वर्षाकाठी एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के. सावकाराच्या दराशी तुलना करता हे स्वस्त होते यात वाद नाही.

तरी तगाईला रांगा लागल्या नाहीत. अर्ज, पंचनामा, तारण आणि कचेरीतल्या खेपा यांत उन्हाळा निघून जाई, आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर हात ओला करावा लागे. याहून कठीण अट कायद्यातच होती. १८८३ च्या कायद्यानुसार थकलेले कर्ज जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येत होते. सावकाराशी घासाघीस करता येई, एखादे वर्ष पुढे ढकलता येई. सरकारी हप्ता सरकारी साऱ्याइतकाच कडक होता. विहिरीला पाणी लागले की नाही याचा त्या कलमाशी संबंध नव्हता. पाच परसांवर फत्तर लागून काम थांबले, तरी घेतलेले पैसे शेतावर चढलेलेच राहत. सरकार हे कर्ज सुधारणेसाठी देत होते. कोरडा खड्डा ही सुधारणा नव्हे हे उघड असूनही वसुली दोन्हींची सारखीच होती. दख्खनचा शेतकरी विहिरीबद्दल उदासीन आहे, असे मत तेव्हाच्या अंमलदारांत बरेच होते. उदासीनता नव्हती, तो साधा हिशेब होता.

जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट अचूक हेरली. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी १८८३ मध्येच, म्हणजे कर्जाच्या कायद्याच्याच वर्षी लिहून पुरा केला. त्यातल्या उपायांत विहिरीबद्दल एक सूचना आहे आणि ती कर्जाची नाही. सरकारने जाणत्या पाणाड्यांकडून सगळ्या जमिनीची पाहणी करवावी. जिथे दोन मोटांहून अधिक पाणी लागेल अशा जागांच्या खुणा गावच्या नकाशात नोंदवाव्यात. आणि सरकारी मदतीशिवाय विहीर करणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावे, असे ते सुचवतात. पाणी शोधण्याचा धोका सरकारने उचलावा आणि खोदण्याचा खर्च शेतकऱ्याने, अशी ही वाटणी आहे. भूजलाचे नकाशे करणारी सरकारी यंत्रणा राज्यात यायला त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे लागली. फुल्यांच्या धरणे-बंधाऱ्यांच्या सूचनांची चर्चा पुष्कळ होते. नकाशाची ही सूचना त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे.

पाणाडे नेमण्याचा प्रयोग इंग्रज सरकारने पुढे वेगळ्या तऱ्हेने केलाच. १९२५ ते १९३० या काळात मेजर पॉगसन नावाचा लष्करी अधिकारी सरकारी पाणाड्या म्हणून काम करत होता आणि विहिरी-बोअरच्या जागा दाखवत फिरत होता. गावचा पाणाड्या अंधश्रद्ध आणि मेजरसाहेबांची काठी शास्त्रीय, अशी विभागणी त्या काळच्या कागदोपत्री व्यवहारात खपून गेली.

विहीर किती खोल जाईल हे त्या काळात पाण्यापेक्षा बैलांवर ठरत असे. धावेची लांबी विहिरीच्या खोलीइतकी लागते. खोली वाढली की बैलांची चाल वाढते, दिवसात निघणाऱ्या मोटा घटतात आणि भिजणारे रान आक्रसते. आठ-दहा परसांच्या पुढे मोट परवडत नसे, म्हणून विहीरही तिथे थांबे. खर्चाला ही एक नैसर्गिक वेसण होती. ती सुटली ती इंजिनाने. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला, तिथून नांगरांपाठोपाठ पंप निघू लागले. साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात तेलाची इंजिने बनू लागली, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पण पंपालाही मर्यादा होती. हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी वर ओढणारा पंप शास्त्राने चौतीस फूट आणि व्यवहारात पंचवीसेक फुटांपलीकडून पाणी उचलू शकत नाही. पाणी खाली गेले की पंप विहिरीत उतरवावा लागे. जुन्या विहिरींच्या पोटात दिसणारे ओटे, लोखंडी गर्डर आणि धुराने काळवंडलेले कोनाडे यांचा उगम या मर्यादेत आहे. विहीर खोल करणे, पंप खाली नेणे, पुन्हा खोल करणे, असा नवा वार्षिक खर्च शेतकऱ्याच्या मागे लागला.

तगाईची जागा हळूहळू भूतारण बँकांनी आणि नंतर भूविकास बँकेने घेतली. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेपासून विहिरींना अनुदान आणि कर्ज देणे हे सरकारी धोरणच झाले. १९६३ मध्ये शेती पुनर्वित्त महामंडळ स्थापन झाल्यावर विहीर आणि पंपसंच यांसाठी लांब मुदतीचा पैसा मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. बँकेने विहिरीचा ठरावीक खर्च काढला, हप्ते आखले, सातबाऱ्यावर बोजा चढवला. अंदाजपत्रकात माती, मुरूम, कठीण खडक, बांधकाम अशा बाबी क्रमाने होत्या. विहीर फसण्याची बाब त्यात बसवणे कोणालाच जमले नाही. हे बोजे पिढी उलटली तरी उतरले नाहीत. बँक स्वतः मोडकळीला आली, तरी कर्ज कागदावर जिवंत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये भूविकास बँकेच्या कर्जदारांची सुमारे ९६४ कोटी रुपयांची थकबाकी राज्य सरकारने माफ केली.

बोअरचे युग दुष्काळातून आले, आणि आले ते प्यायच्या पाण्यासाठी. कातळात बोअर घेण्याची यंत्रे आधीही होती, पण ती इतकी सावकाश चालत की एका भोकाला आठवडे लागत. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याच्या रिगा भारतात आणल्या. हा हातोडा भोकाच्या तळाशी, थेट खडकावर आपटतो आणि हवेच्या झोताने भुगा वर फेकला जातो. आठवड्यांचे काम तासांवर आले. महाराष्ट्रात याच सुमाराला जालन्याच्या मिशनने आणि सोलापूरच्या मंडळींनी बोअर घेऊन त्यांवर टिकाऊ हातपंप बसवण्याचा उद्योग चालवला होता. सोलापूरच्या हातपंपाच्या रचनेवरूनच १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला आणि जगभर गेला. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला या यंत्राकडे घेऊन गेला. त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. निरीक्षण विहिरी, पाणलोटांची मोजणी आणि नकाशे यांचे काम सुरू झाले.

शेतात बोअर आला तो साधारण पुढच्या दोन दशकांत. त्याला तीन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली, पाणबुडी पंप. तो पाणी ओढत नाही, तळातून ढकलतो. त्यामुळे पंचवीस फुटांची वेसण संपली. दुसरी, वीज. १९७७ पासून वीज मंडळाने शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरावीक आकार लावला. पाणी शंभर फुटांवरून काढले काय किंवा तीनशे फुटांवरून काय, त्याच शक्तीच्या पंपाचे बिल तेवढेच. तिसरी, तमिळनाडूतील तिरुचेंगोडच्या रिगा. नामक्कल जिल्ह्यातल्या या गावाने बोअरचा धंदा देशभर नेला. उन्हाळा आला की ‘टीएन’ पाटीच्या दोन-दोन गाड्या, एक रिग आणि एक कॉम्प्रेसर, महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसतात. गावात एजंट असतो, सौदा त्याच्यामार्फत ठरतो, आणि रात्रीत साडेसहा इंची बोअर पुरा करून गाडी पुढच्या शेतात लागते.

बोअर स्वस्त का, हे साध्या मोजमापाने कळते. सहा मीटर व्यासाची आणि पंधरा मीटर खोल विहीर खणायची तर सुमारे ४२४ घनमीटर माती-दगड बाहेर काढावा लागतो. साडेसहा इंची तीनशे फूट बोअरमधून निघणारा भुगा दोन घनमीटरही भरत नाही, म्हणजे विहिरीच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. पण हाच आकडा उलटा वाचला की दुसरी बाजू दिसते. विहिरीच्या पोटात सव्वाचार लाख लिटर पाणी मावते. रात्रभर झरे पाझरतात, सकाळी पंप चालतो. काठोकाठ भरलेल्या बोअरमध्येही दोन हजार लिटरपेक्षा कमी पाणी असते. बोअर साठवत नाही. खडकाने त्या घटकेला जेवढे दिले तेवढेच. दख्खनचा कातळ सावकाश देणारा आहे, त्यामुळे इथल्या शेतीला विहिरीचे पोट सोसते. विहिरीच्या तळातून आडवे-उभे बोअर मारण्याची पद्धत या दोहोंचा मेळ घालते आणि अनेक ठिकाणी ती नव्या बोअरपेक्षा शहाणपणाची ठरली आहे.

अलीकडच्या वर्षांत साध्या कातळातल्या बोअरचा दर फुटाला शंभर रुपयांच्या आसपास राहिला आहे. डिझेल, हंगाम आणि गाडीची चणचण यांवर तो वर-खाली होतो. एका ठरावीक खोलीनंतर दर शंभर फुटांना भाव चढतो. केसिंग पाइपचे पैसे वेगळे, आणि वरचा मुरूम जाड असेल तर ते डोईजड होतात. चारशे फुटांचा बोअर चाळीस हजारांत झाला असे धरले, तर केसिंग, पाणबुडी पंप, केबल, पाइप, स्टार्टर आणि वीजजोडणी मिळून तेवढाच किंवा त्याहून जास्त खर्च पुढे उभा असतो. तीन बोअरांपैकी एक लागला, तर त्या एकाची खोदाई चाळीस हजारांची राहत नाही, एक लाख वीस हजारांची होते. शेतकरी हा हिशेब तोंडी करतो, कागदावर मात्र फक्त लागलेला बोअर येतो. रिग चालू असताना शेजारी उभे राहणाऱ्यांना हा खर्च डोळ्यांनी दिसतो. पांढरी भुकटी उडत राहते तोवर प्रत्येक रॉडबरोबर पैसे खाली जात असतात. दोनशेला थांबावे की आणखी शंभर जाऊ द्यावे, हा निर्णय मध्यरात्री, इंजिनाच्या आवाजात घ्यावा लागतो. आजवर घातलेले वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घातले जातात. परसाच्या काळात ही घाई नव्हती. विहीर उन्हाळ्याच्या शेवटी आपोआप थांबे आणि विचार करायला वर्ष मिळे.

शेजाऱ्याच्या बोअरने स्वतःचा खर्च कसा वाढतो, हे मराठवाड्याने आणि नगर-सोलापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्याने पुरते पाहिले आहे. एकाने तीनशे फूट घेतला की दुसरा चारशे घेतो, पहिल्याचे पाणी तुटते, तो पाचशेला जातो. कातळात फार खोल गेल्याने पाणी वाढतेच असे नाही, उलट भेगा विरळ होत जातात. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हा त्या भागात बोअरची कमी नव्हती. याच्या उलट दिशेने गेलेले गाव म्हणून नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव घ्यावे लागते. तिथल्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, पाणलोटाची कामे केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत घातली. उथळ विहिरी पुन्हा चालू लागल्या.

सरकारने कायदेही केले. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला अटकाव केला. २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा प्रत्यक्षात २०१४ मध्ये लागू झाला. त्याने ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल जाण्यावर निर्बंध आणले आणि रिगमालकांच्या नोंदणीची तरतूद केली. राज्यात दोनशे फुटांवर थांबलेला बोअर किती जणांनी पाहिला असेल, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

खोदलेल्या विहिरीला मात्र अनुदानाचा आधार वाढत गेला. रोजगार हमीतल्या जवाहर विहिरी, १९८८-८९ पासूनची केंद्राची दशलक्ष विहिरींची जीवनधारा योजना, अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना अशी ही मालिका आहे. स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीला आधी अडीच लाख रुपये मिळत, २०२४ मध्ये ती रक्कम चार लाख झाली. रोजगार हमीतल्या विहिरीचे अनुदान नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन लाखांवरून चार लाखांवर आणि नंतर पाच लाखांवर गेले. देशात खोदलेल्या विहिरींची संख्या महाराष्ट्रातच सर्वांत जास्त आहे, त्यात या योजनांचा वाटा मोठा. हातांना काम देणे हा रोजगार हमीचा पाया असल्याने यंत्राने घेतलेल्या बोअरला तिच्यात जागा नाही. ते पैसे घरातून किंवा सावकाराकडून येतात. बोअरचे बिल जमिनीत गेलेले रॉड मोजून होते, आणि पाणी लागो न लागो, गाडी शेतातून निघण्यापूर्वी ते रोख चुकते करावे लागते.